सिरोंचा जीवाश्मक्षेत्र

सिरोंचा जीवाश्मक्षेत्र : महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, प्राणहिता नदीच्या डाव्या तीरावर व तिच्या आसपास पसरलेला जुरासिक कालीन जीवाश्मांचा (शिळारूप अवशेषांचा) प्रदेश. हा भाग 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता. सिरोंचाच्या खालच्या अंगास प्राणहिता गोदावरीस मिळते आणि पुढे सोमनूरजवळ इंद्रावती व गोदावरी यांचा संगम होतो.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाने व्यापला असून त्याखालील जुने खडक झाकले गेले आहेत. सिरोंचा परिसर या आच्छादनाच्या बाहेर असल्याने तेथे अधिक प्राचीन गोंडवनी संघाचे खडक उघडे आढळतात. प्राणहिता-गोदावरी खोरे ही वायव्य-आग्नेय दिशेने खचलेली लांबट दरी आहे. तिच्यात नद्यांनी व सरोवरांनी कोट्यवधी वर्षे गाळ साचविला. चंद्रपूरचे दगडी कोळशाचे थर याच संघातील, पण सिरोंचा येथील थरांहून बरेच जुने आहेत.

सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा या गावावरून येथील शैलसमूहास ‘कोटा शैलसमूह’ हे नाव मिळाले. वालुकाश्म, मृत्तिकामय खडक व चुनखडक हे त्याचे मुख्य घटक होत. त्याच्या नेमक्या वयाबाबत मतभेद असले, तरी तो सर्वसाधारणपणे पूर्व ते मध्य जुरासिक काळातील मानला जातो. त्या वेळी भारत हा आफ्रिका, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांना जोडलेल्या गोंडवनभूमीचा भाग होता.

चुनखडकातील माशांचे जीवाश्म प्रथम प्रसिद्धीस आले. त्यांतील लेपिडोटस या माशाचे वर्णन फिलिप एजर्टन यांनी 1851 मध्ये केले. नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही येथील जीवाश्मांचा अभ्यास केला. विसाव्या शतकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना या खोऱ्यात प्रचंड डायनोसॉराची हाडे सापडली. 1975 मध्ये त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय आणि जातिवाचक नाव रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ आहे. या शाकाहारी प्राण्याचा सांगाडा संस्थेच्या संग्रहालयात उभारलेला आहे. ‘कोटासॉरस’ हे दुसऱ्या डायनोसॉराचे नाव 1988 मध्ये दिले गेले. त्याचा सांगाडा हैदराबाद येथे आहे. सीलाकँथ मासा, टेरोसॉर हा उडणारा सरीसृप आणि अगदी आदिम सस्तन प्राण्यांचे दातही या शैलसमूहात मिळाले आहेत. महाकाय सरीसृपांच्या पायांखाली त्या काळी सस्तन प्राण्यांचे पूर्वज वावरत होते, याचा हा पुरावा होय.

वडधम येथे वृक्षखोडांचे जीवाश्म आढळतात. गाळात गाडल्या गेलेल्या खोडात भूजलातील सिलिका झिरपते, काष्ठाची जागा घेते व मूळ रचना दगडात टिकून राहते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील व राजस्थानात जैसलमेरजवळील आकल येथील शिळावनेही अशीच प्रसिद्ध आहेत. वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान केले आहे.

जीवाश्माचे मोल तो कोणत्या थरात व कशाच्या सान्निध्यात सापडला, यावर अवलंबून असते. कुतूहलापोटी उचलून नेलेला तुकडा केवळ दगड ठरतो. नदीकाठची झीज, नांगरट व खोदकाम यांनीही हे थर विस्कटू शकतात. म्हणून संग्रहालयातील नमुन्यांइतकेच येथील मूळ थरांचे जतन महत्त्वाचे आहे. कारण एकदा नष्ट झालेला थर पुन्हा निर्माण करता येत नाही.