वीजदर ठरताना आपण कुठे?

विजेचं बिल आलं की आपण आकडा पाहून कपाळाला हात लावतो. पण दर ठरण्याआधी बोलायचा हक्क आपल्याला आहे, हे कितीजणांना ठाऊक असतं? 2003 च्या वीज कायद्यातील कलम 64 प्रमाणे वीज कंपनीला दराचा अर्ज थोडक्यात प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन नियामक आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हा हक्क केवळ शोभेचा नाही. महाराष्ट्रात शेतीपंपांच्या नावावर दाखवलेल्या विजेत गळती आणि चोरीही दडली होती. ती चव्हाट्यावर आली ती अशाच सुनावण्यांतून.

अडतं कुठे? सूचनेच्या भाषेत. ‘डिझाइन थिंकिंग’ नावाची एक पद्धत आहे. वस्तू करण्याआधी ती वापरणाऱ्याकडे जायचं, तो कुठे अडखळतो ते पाहायचं, कच्चा नमुना त्याला दाखवायचा, मग दुरुस्त करायचा. आमची आजी नव्या सुनेला स्वयंपाक असाच शिकवी. नाव तेवढं नवं! मालेगावात चार यंत्रमाग चालवणाऱ्यापुढे ती सूचना ठेवून पाहा. ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ इथेच तो थबकेल. त्याचा प्रश्न एकच: माझं बिल महिन्याला कितीने वाढणार? ते उत्तर पहिल्या ओळीत हवं. शिवाय भरदिवसा सुनावणीला जायचं तर त्याचे माग बंद. मग संध्याकाळी त्याच्या मोहल्ल्यात जाऊन त्याची हरकत लिहून घ्यायला काय हरकत आहे?