अकाली पिकणारे केस

"माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," असे घरातील वडीलधाऱ्यांनी म्हटले की वाद तेथेच संपतो. आपल्या हैदराबादेत हेच वाक्य उर्दूतूनही जसेच्या तसे ऐकू येते. पांढऱ्या केसांना असा मान आहे खरा. पण विसाव्या वर्षी कानशिलावर दोन-चार रुपेरी केस दिसू लागले तर मान कोणी देत नाही. वर्गमित्र 'काका' म्हणू लागतात. मुलगी असेल तर आई स्थळांच्या काळजीने मेंदीचा पुडा घेऊन येते.

वास्तविक, काळा केस पांढरा 'होत' नाही. पांढरा केस 'उगवतो'. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याचा रंग त्वचेखाली, केसाच्या मुळाशी असलेल्या कंदात ठरतो. तेथील रंगपेशी टायरोसीन या द्रव्यापासून मेलॅनिन नावाचे रंजकद्रव्य तयार करतात आणि ते वाढत्या केसात भरतात. डोक्यावरील केस काही वर्षे वाढतो, मग गळतो आणि त्याच जागी नवा येतो. प्रत्येक नव्या केसासाठी रंगपेशींची नवी तुकडी मुळाजवळच्या राखीव साठ्यातून यावी लागते. साठा आटला की पुढचा केस रंगाविना बाहेर पडतो. म्हणूनच वरून कितीही तेल चोळले तरी उगवलेल्या पांढऱ्या केसात रंग शिरत नाही. एक केस उपटला तर दहा पांढरे होतात, हाही भ्रमच. शेजारच्या केसाची मुळे वेगळी असतात.

आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर डॉक्टर त्याला 'अकाली' म्हणतात. युरोपीय लोकांत ही मर्यादा वीस वर्षांची, आफ्रिकी लोकांत तिशीची मानतात. बहुतेकांच्या बाबतीत याचे कारण आनुवंशिक असते. वडिलांचा किंवा मामाचा तरुणपणीचा फोटो पाहिला तर पुष्कळदा उत्तर मिळते. त्यात आजार काही नाही.

चिंतेने केस पिकतात ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्रोध, शोक आणि श्रम यांमुळे वाढलेली उष्णता व पित्त डोक्यात जाऊन केस पिकवतात, असे सांगितले आहे. २०२० साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी काळ्या उंदरांवर प्रयोग केले. तीव्र ताणाखाली मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनॅलिन स्रवते आणि रंगपेशींचा राखीव साठा त्यामुळे काही दिवसांतच रिता होतो, असे त्यांना आढळले. परीक्षेच्या धास्तीने माणसाचे नेमके असेच होते, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

खरे लक्ष द्यायला हवे ते ब-१२ या जीवनसत्त्वाकडे. याची कमतरता हे अकाली पिकणाऱ्या केसांचे एक कारण असू शकते. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत, सूक्ष्मजंतू करतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. वरणभात असो की आपल्या कन्नड मित्रांचा सारू-अन्ना, ताटात दूध-दही नसेल तर या बाबतीत दोन्ही सारखेच रिते. (ताकाची वाटी, म्हणजे त्यांचे मज्जिगे, थोडी भर घालते.) पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दर तिघांपैकी दोघांच्या रक्तात ब-१२ कमी होते; आणि नवल म्हणजे, ही उणीव खेड्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात अधिक होती!

ज्याचे ब-१२ कमी त्याचे केस पिकतातच असे नाही. पण केसांबरोबर सततचा थकवा, हातापायांना मुंग्या, तोंड येणे, विसराळूपणा असेल तर प्रश्न केसांचा राहत नाही. ही उणीव लांबली तर मज्जातंतूंना इजा होते आणि ती नेहमीच भरून येते असे नाही. साध्या रक्ततपासणीने हे कळते, आणि गोळ्या किंवा इंजेक्शनांनी उणीव भरून काढता येते. त्यानंतर काहींचे केस पुन्हा काळे उगवल्याच्या नोंदी आहेत, परंतु तसा भरवसा कोणी देऊ नये. त्याच वेळी थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्या ग्रंथीच्या बिघाडानेही केस लवकर पिकतात. धूम्रपानाशीही याचा संबंध आढळला आहे.

राहिला प्रश्न झाकण्याचा. लाड बाजारात मिळते ती शुद्ध मेंदी केसांना तांबूस रंग देते, काळा नव्हे. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पॅराफेनिलिनडायमिन हे रसायन असते. त्याने काहींचे कपाळ व पापण्या सुजतात, टाळूवर फोड येतात. तेव्हा डोक्याला लावण्यापूर्वी कोणताही कलप कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबावे. खाज सुटली तर तो पुडा तसाच टाकून द्यावा.