पराक्रम जेथे अपुरा पडतो

शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात दिवेलागणीपूर्वीच मुलांना घरात बोलावून घ्यावे लागते. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले व एक वृद्धा बळी पडली, आणि अंगण ही मुलांची हक्काची जागाच त्यांच्या हातून निसटली. दार बंद झाले की सोबतीला उरतो तो दूरचित्रवाणी संच. आणि योगायोग असा की, असे संच तयार करणारा एक मोठा कारखाना याच तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा आहे. त्या संचाच्या पडद्यावर संध्याकाळी बहुधा कोणी तरी अचाट बळाचा नायक एखाद्या राक्षसाला, दरोडेखोराला किंवा श्वापदाला लोळवीत असतो. बाहेर ज्याच्या भयाने दार लावले, तसल्याच श्वापदाला आत एका ठोशात आडवे झालेले पाहणाऱ्या मुलाच्या मनात काय उमटत असेल, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. अशा कार्टून मालिकांचे कोणते भाग मनात घर करतात आणि कोणते करावेत, याचा विचार वडीलधाऱ्यांनी म्हणूनच गंभीरपणे करावयास हवा.

तीन पिढ्यांचे नायक

महाराष्ट्रात दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्राच्या रूपाने. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर स्पायडरमॅन आणि ही-मॅन अवतरले. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि आठवड्यातून एकदा भेटणारा नायक दिवसभर घरात नांदू लागला. १९९७ ते २००५ या काळात ‘शक्तिमान’ने एका सबंध पिढीला वेड लावले. ती मालिका हाडामांसाच्या नटांची होती. परंतु संकटात सापडलो तर शक्तिमान धावून येईल, या समजुतीने मुलांनी जिवावर बेतणारी साहसे केल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांतून आल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. २००८ मध्ये हैदराबादच्या स्टुडिओतून ‘छोटा भीम’ आला, आणि २०१८ मध्ये पोलिसी पोषाखातला ‘लिटिल सिंघम’. नायकांचे वय असे उतरत गेले. प्रौढाच्या जागी पाहणाऱ्याच्याच वयाचा मुलगा आला. साहजिकच ‘तो करतो ते मलाही जमेल’ हा भाव अधिक जवळचा झाला.

या मालिकांवर सरसकट टीका करणे सोपे आहे. तथापि ते न्याय्य ठरणार नाही. लाडू खाऊन बळ मिळविणारा भीम परक्या भूमीतला नाही, आणि तेच तेच पुन्हा पाहण्यात लहान मुलांना जो आनंद मिळतो तो आजीकडून तीच गोष्ट दहादा ऐकण्यातल्या आनंदासारखाच आहे. आक्षेप घ्यावयाचा तो एवढाच की, यांतील बहुतेक भागांचा शेवट पहिल्या मिनिटाला ठरलेला असतो. संकट येते, बळ येते, संकट जाते. ज्या भागांत बळ येऊनही संकट जात नाही, असे भाग फार थोडे.

ठोशाविना जिंकलेले भाग

आणि नेमके तसलेच भाग वर्षानुवर्षे आठवणीत राहतात. १९९२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बॅटमॅन’ कार्टून मालिकेचा दाखला या बाबतीत देण्याजोगा आहे. काळ्या कागदावर रंगविलेल्या तिच्या पार्श्वभूमीमुळे ती पाहताक्षणीच वेगळी वाटे. पण तिचे खरे वेगळेपण तिच्या कथांत होते. रसिकांच्या पसंतीत आजही अग्रभागी असलेला तिचा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग पॉल डिनी यांनी लिहिला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केला; लेखनासाठी त्याला एमी पुरस्कारही मिळाला. त्यातील खलनायक मिस्टर फ्रीझ हा पूर्वी चित्रकथांमधला एक हास्यास्पद चोर होता. या भागात तो असाध्य रोगाने ग्रासलेल्या पत्नीला गोठवून वाचवू पाहणारा शास्त्रज्ञ ठरतो. मालक पैशाच्या हिशेबापायी प्रयोग बंद पाडतो आणि त्या झटापटीत त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते. बॅटमॅन त्याला हरवितो कशाने? सर्दीने बेजार झालेल्या बॅटमॅनसाठी घरच्या वृद्ध सेवकाने थर्मासमध्ये भरून दिलेल्या कोंबडीच्या गरम सूपने! ते सूप थंडगार शिरस्त्राणावर फुटते, काच तडकते आणि लढाई संपते. बॅटमॅन मग त्या मालकाच्या दुष्कृत्याचा पुरावा वार्ताहराच्या हाती देतो. शेवटच्या दृश्यात खलनायक कोठडीत पत्नीची क्षमा मागत बसलेला असतो. विजय झाला, पण आनंद करावा असे कोणालाच वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलालाही ते कळते, हे विशेष.

त्याच वर्षीचा ‘बीवेअर द ग्रे घोस्ट’ हा भाग तर आवडत्या भागांविषयीचाच आहे. शहरात होणारे स्फोट बॅटमॅनने लहानपणी वडिलांसोबत पाहिलेल्या एका जुन्या मालिकेतल्या स्फोटांबरहुकूम घडत असतात. ते कसे घडविले गेले, हेच त्याला आठवत नाही. म्हणून तो त्या मालिकेच्या नायकाला शोधून काढतो, तर तो वृद्ध नट भाड्यापायी आपल्या जुन्या वस्तू विकत बसलेला! त्या नटाला आवाज दिला होता ॲडम वेस्ट यांनी. १९६६ ते १९६८ या काळात पडद्यावर बॅटमॅन रंगविणारे अभिनेते तेच. नायकालाही कधी काळी एक नायक होता, आणि आज त्या नायकालाच आधाराची गरज आहे, हे सांगण्यासाठी या भागाने एकही व्याख्यान दिलेले नाही.

रांजणगाव आणि सिद्धटेक

हे सारे गॉथमसारख्या कल्पित नगरीतले म्हणून दूरचे वाटेल. वस्तुतः शिरूर-दौंडच्या भूमीला ते नवे नाही. रांजणगावच्या महागणपतीची कथा काय सांगते? त्रिपुरासुराशी लढावयास निघालेल्या साक्षात शंकराला आरंभी यश आले नाही. गणेशाचे स्मरण राहून गेले होते. ती चूक उमजल्यावरच एका बाणात तीन पुरे भस्म झाली. दौंडहून शिरापूरमार्गे भीमा ओलांडली की अहिल्यानगर जिल्ह्यातले सिद्धटेक लागते. तेथील कथेत मधू आणि कैटभ या दैत्यांशी दीर्घकाळ झुंजूनही विष्णूला जय मिळत नाही. तो लढाई थांबवून त्या टेकडीवर तपाला बसतो आणि मग सिद्धी पावतो. दोन्ही स्थाने अष्टविनायकांपैकी, दोन्ही कथा असुरवधाच्या. पण दोहोंचा गाभा असुराच्या मरणात नसून देवाच्या थांबण्यात आहे. सर्वशक्तिमान नायकाला आपले अपुरेपण ओळखावे लागते, हे या परिसरातल्या आजीला एमी पुरस्काराच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

दौंडच्या मुलांना तर हे घरातच शिकावयास मिळते. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच व सात क्रमांकाचे गट तेथे आहेत. गणवेशातला बाप सणासुदीला परगावच्या बंदोबस्तावर असतो. तासन्‌तास उभा राहतो, दगड झेलतो आणि पुष्कळदा हात न उगारता परत येतो. त्याच्या मुलाने ‘लिटिल सिंघम’ जरूर पाहावा. परंतु सिंहाचे बळ अंगात न संचारताही कर्तव्य करता येते, हे दाखविणारा एखादा भाग त्याला कोणी दिला आहे काय?

मागणी कशाची करावी?

मालिकांवर बंदी घाला, अशी मागणी येथे नाही. २०२१ पासून मराठीतूनही मुलांसाठी स्वतंत्र वाहिनी उपलब्ध झाली. प्रश्न भाषांतराचा राहिलेला नसून कथेचा आहे. ऊसतोडीचा फड, भीमेचा पूर, घोडनदीचा बाजार, दौंडचे रेल्वे जंक्शन आणि बिबट्याच्या भयाने लवकर लागणारी दारे यांतून निपजलेला मराठी नायक मुलांना हवा आहे.

तोवर घरच्यांच्या हाती एक गोष्ट आहे. भाग संपल्यावर मुलाला ‘कोण जिंकले?’ असे न विचारता ‘त्याला काय जमले नाही?’ असे विचारावे. बिबट्याच्या परिसरात जी दक्षता सांगितली जाते तीत ठोशाला जागा नाही. एकट्याने जाऊ नये, हाती विजेरी असावी, मोठ्याने बोलत चालावे, लहानग्याला मध्ये घ्यावे. चार भावंडे अशा रीतीने अंधारातून सुखरूप घरी पोचतात, एवढीच ज्याची कथा आहे असा भाग ज्या दिवशी पिंपरखेडचे एखादे मूल पाहील आणि तो आवडता म्हणून पुन्हा लावावयास सांगेल, त्या दिवशी या मालिकांनी मुलांचे खरोखरच रक्षण केले, असे म्हणता येईल.