पनवेलची पोपटी : शेतातच रचली जाणारी भट्टी

रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागात, विशेषतः पनवेल, उरण, पेण, अलिबाग आणि कर्जत या तालुक्यांत, भाताची कापणी-झोडणी उरकून थंडी स्थिरावली की मोकळ्या शेतात मडके पालथे घालून त्याभोवती जाळ केला जातो आणि त्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, रताळी व कोंबडी शिजवली जाते. या पदार्थाला आणि तो शिजवण्याच्या रीतीलाही पोपटी म्हणतात. तिच्यात तेल नाही, वरून घातलेले पाणी नाही आणि कायमची बांधलेली चूलही नाही. प्रत्येक वेळी भट्टी नव्याने रचायची आणि काम झाले की तिची राख शेतातच सोडायची, ही तिची खरी ओळख होय.

जमिनीच्या किंवा मातीच्या आधाराने अन्न कोंडून शिजवण्याची कला जगभर आढळते. न्यूझीलंडमधील माओरी लोक खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर अन्न ठेवून वरून माती लोटतात व त्याला हांगी म्हणतात. गुजरातेत वलसाडच्या बाजूला उंबाडियू नावाचा प्रकार पालथ्या मडक्यातच होतो आणि तो पोपटीचा अगदी सख्खा भाऊ ठरतो. अमेरिकेतील ‘स्मोकर’, म्हणजे विटांची किंवा लोखंडाची धुरी देणारी भट्टी, मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात जाळ एका बाजूला ठेवून केवळ उष्ण धूर मांसावरून फिरवला जातो आणि तापमान साधारण 107 ते 121 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कित्येक तास राखले जाते, कारण थोराड जनावराच्या मांसातील कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. पोपटीत धूर बाहेर राहतो आणि आतले काम वाफ करते; कोवळ्या कोंबडीत असा चिवटपणा फारसा नसल्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचा जाळ तिला पुरतो, मात्र त्यासाठी तुकडे लहान ठेवावे लागतात.

या भट्टीचे जवळजवळ सारे साहित्य एकाच शेतातून येते आणि पोपटीचे मर्म समजून घ्यायचे तर इथे थोडे थांबले पाहिजे. भात निघाल्यावर खाचरात जी ओल उरते, तिच्यावरच वाल पेरला जातो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही आणि थंडी भरात येते तेव्हा त्याच्या शेंगा भरतात. भाताचा पेंढा जाळाला कामी येतो, गोठ्यातल्या गोवऱ्या आणि बांधावरच्या काटक्या तो जाळ टिकवतात. पावसाळा सरल्यावर बांधाच्या कडेने आणि पडीक जागेत भांबुर्डी आपोआप उगवते. सूर्यफुलाच्या कुळातल्या या रानवनस्पतीच्या पानांना उग्र, किंचित कापरासारखा वास असतो. एरवी तण म्हणून उपटून टाकली जाणारी ही वनस्पती पोपटीत झाकण, अस्तर आणि मसाला अशी तिन्ही कामे करते. तिच्यावाचून शेंगा शिजतील, पण ती पोपटी होणार नाही, असेच इथला जाणकार म्हणेल.

मडके भरण्याला हात सरावलेला लागतो. तळाशी धुतलेल्या भांबुर्डीचा जाड थर दाबून बसवतात, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा पसरतात. वाल वातुळ मानला जात असल्याने ओव्याला फाटा देत नाहीत. मधल्या पोटात, जिथे आच सर्व बाजूंनी सारखी पोहोचते, आले-लसूण, हळद आणि तिखट लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून ठेवतात, तिच्या शेजारी सालासकट अंडी आणि बटाटे येतात, मग पुन्हा शेंगा. शेवटी तोंडाशी पाला इतका गच्च कोंबतात की मडके उलटे केले तरी आतला एक दाणाही हलू नये. केळीच्या पानाऐवजी अॅल्युमिनियमची चकचकीत पन्नी वापरणे सोयीचे वाटते खरे, पण पानाचा ओलावा आणि गंध त्या पन्नीपाशी नसतो.

मडके पालथे का घालायचे, याचे उत्तर वाफेच्या स्वभावात आहे. वाफ वर चढते. मडके सुलटे असेल तर ती तोंडातून निसटते आणि तळाचे अन्न थेट जाळाने करपते. पालथ्या मडक्यात तिला वर बंद बूड भेटते, तोंड जमिनीला टेकलेले आणि पाल्याने बुजलेले राहते, आणि सुटलेला रस खाली झिरपून त्या पाल्यातच जिरतो. बाहेरच्या जाळाचे तापमान कितीतरी शे अंशांवर गेले, तरी शेंगांत आणि पाल्यात पाणी शिल्लक असेपर्यंत आतले तापमान शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळते, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणूनच शेंग दाण्याने भरलेली पण सालीने हिरवी हवी. वाळत आलेली शेंग स्वतःची वाफ देऊ शकत नाही आणि ती आधी करपते.

झाकण उघडून पाहण्याची सोय नसल्यामुळे पोपटी झाली की नाही हे बाहेरूनच ओळखावे लागते. तापलेल्या बुडावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. ते चर्रकन आवाज करून क्षणात उडाले आणि पाल्याचा हिरवा वास बदलून भाजका झाला, की जाळ बाजूला सारतात. मडके काठीने किंवा ओल्या गोणपाटाने धरून सुलटे करतात, पाला उपसतात आणि सगळे केळीच्या पानांवर ओततात. कोंबडीचा जाडसर तुकडा मात्र फोडून पाहणे शहाणपणाचे असते, कारण मांसाच्या गाभ्यात 74 अंशांपर्यंत उष्णता पोहोचल्याशिवाय ते खाण्यास सुरक्षित होत नाही.

या भट्टीला लागणारे शेतच आता पनवेल परिसरात आक्रसत चालले आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे भातजमिनींवर उभी राहिली, 2013 मध्ये विमानतळाभोवतीचा मोठा टापू ‘नैना’ या नियोजित क्षेत्रात आला, 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली, आणि सुमारे 1160 हेक्टरांवर पसरलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये पार पडले. लोकांना घरे आणि रोजगार हवेत, याबद्दल वाद नाही. परंतु हिवाळ्यात फार्महाऊसवर हौसेने पोपटी लावणाऱ्यांची संख्या वाढत असताना तिला लागणारा वाल, पेंढा आणि भांबुर्डी देणारे खाचर कमी होणे ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. बाजारातून आणलेल्या शेंगांनी मडके भरता येते, पण भांबुर्डी कोणी पेरत नाही. ती मोकळ्या बांधावरच येते.

नेरे, मालडुंगे, आपटा, गुळसुंदे या भागांत शेती अजून टिकून आहे. वाल पेरणारा शेतकरी सगळ्या शेंगा हिरव्या तोडत नाही. वेलीवर वाळू दिलेल्या शेंगांतून मिळणारे कडवे वाल बिरड्यासाठी वर्षभर पुरतात आणि त्यांतलेच निवडक दाणे पुढच्या भातकापणीनंतर त्याच ओलीवर पुन्हा पेरले जातात.