जरा गप्प बसा, वहिनी!

‘आज डोकं नुसतं ठणकतंय, बीपी वाढलंय वाटतं!’ हे वाक्य आपल्या घराघरांत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. कामवाली आली नाही, बीपी वाढलं. मुलाचा गणिताचा अभ्यास घेतला, बीपी वाढलं. पाहुणे न सांगता जेवायला आले, तर मग विचारूच नका. बीपी हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, जिचं ते खरंच वाढलेलं असतं ती मात्र ‘मला काय झालंय? मी ठणठणीत आहे’ म्हणत पोळ्या लाटत असते.

उच्च रक्तदाबाची खोड हीच आहे, बहुतेकींना तो जाणवतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, घाम फुटत नाही. डोकं दुखतं ते बऱ्याचदा अपुऱ्या झोपेनं, पित्तानं, उपासानं, नाहीतर चष्म्याचा नंबर बदलल्यानं. रक्तदाब मात्र गाजावाजा न करता वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाच्या स्नायूवर ताण येतो, मूत्रपिंडांची चाळणी खराब होते, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो. मग तो ओळखायचा कसा? मोजून. तोंडाकडे बघून, नाडी धरून किंवा ‘मला आतून कळतं हो’ असं म्हणून रक्तदाब कळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातल्या १५ वर्षांवरच्या साधारण २१ टक्के स्त्रियांचा आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळ्या चालू होत्या. म्हणजे पाच जणींमागे एक. तुमच्या भिशीला दहा जणी जमत असतील तर त्यातल्या दोघींचा हिशोब आताच मनात करून बघा.

मंडळाच्या कामानिमित्तानं आम्ही वस्तीत तपासणी शिबिरं घेतो. बायका भरपूर येतात, पण कशा? सासऱ्यांचा हात धरून, नवऱ्याला मागून ढकलत, शेजारच्या आजींना रिक्षात घालून. ‘आणि तुमचं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘माझं कशाला? मला काय धाड भरलीय?’ दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात नावं लिहून घ्यायला आमचीच एक कार्यकर्ती बसली होती. वय त्रेचाळीस, अंगानं बारीक, दिवसभर पायाला भिंगरी. गर्दी ओसरली तेव्हा डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, ‘आता तुम्हीही बसा.’ आकडा आला १७६/१०४. तिला पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, १७२/१०२. यंत्र बिघडलं असेल म्हणून आम्ही दुसरं लावलं, तेही तेच सांगत होतं. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात दोनदा मोजलं तरी फरक नाही. लघवी तपासली, तर तीत प्रथिनं उतरायला लागलेली. म्हणजे मूत्रपिंडाला झळ पोचलीच होती. तिच्या आईला पन्नाशीतच पक्षाघात झाला होता, पण ते ‘आईचं दुखणं’ म्हणून घरात एका बाजूला ठेवलेलं. ‘मला काहीच होत नव्हतं, मग हे झालं कधी?’ असं ती दोन-तीनदा विचारत राहिली. डॉक्टरीणबाईंनाही त्याचं उत्तर देता आलं नाही. कारण त्याआधी तिचा रक्तदाब मोजला गेला होता तो धाकट्या मुलाच्या बाळंतपणात, चौदा वर्षांपूर्वी! आज रोज सकाळी दोन गोळ्या घेऊन तो १३० च्या आत असतो आणि शिबिरात आता पहिला नंबर ती स्वतःचा लावते.

आता आकड्यांविषयी थोडं. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत इटलीच्या रीवा-रोची या डॉक्टरनं १८९६ मध्ये आणली आणि त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती कोरोत्कोव या रशियन डॉक्टरनं १९०५ मध्ये सांगितली. पाऱ्याची यंत्रं आता मोडीत निघत चालली आहेत, तरी आकडा अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात. १२०/८० च्या खाली असेल तर छान. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. दोन्हींपैकी एकच आकडा वर असला तरी तो धरायचा. घरी शांतपणे मोजल्यावर ही रेघ थोडी खाली येते, १३५/८५. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणून ठेवली, आपल्याकडे मात्र निदानासाठी १४०/९० च मानतात. मधल्या पट्टीत असाल तर घाबरायचं नाही, पण वर्षभर थांबायचंही नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

‘वय अधिक शंभर’ हा जुना हिशोब तेवढा डोक्यातून काढून टाका. साठीच्या बाईला १६० चालतं, असं आजही आत्मविश्वासानं सांगणारी मंडळी भेटतात. चालत नाही. वयाबरोबर दाब वाढतो हे खरं, पण वाढणं म्हणजे योग्य असणं नव्हे.

आणि आता मुद्द्याचं. आपल्या बायकांचा रक्तदाब बऱ्याचदा चुकीचाच मोजला जातो. त्याला निम्मा कारणीभूत असतो आपला ब्लाउज! घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला दोरीसारखी आवळते आणि तिच्याखाली किंवा चक्क तिच्यावरूनच पट्टा बांधला जातो. पट्टा उघड्या दंडावरच हवा, कोपराच्या दोन बोटं वर. म्हणून तपासायला जाताना सैल बाहीचं काहीतरी घालावं, किंवा आडोशाला बसून बाही काढून घ्यावी. त्यात लाजायचं काय? पट्टाही दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा फुगतो आणि नसलेलं बीपी कपाळी येतं. घरी टेप असतोच. दंडाचा घेर मोजून ठेवा आणि यंत्र घेताना पट्ट्यावर छापलेलं माप बघा.

दुसरं कारण म्हणजे आपलं तोंड. पट्टा फुगत असताना ‘अगं, कालची मालिका बघितलीस का?’ सुरूच. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा दहाच्या आसपास वर जाऊ शकतो. शिबिरात माझं मुख्य काम हेच असतं. टेबलामागे उभं राहून ‘जरा गप्प बसा, वहिनी!’ म्हणायचं. लघवी तुंबवून बसणं हे तिसरं. बायका घरातून निघाल्या की परत घरी जाईपर्यंत अडवून धरतात, कारण बाहेरची स्वच्छतागृहं कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानंही दाब वाढतो. तेव्हा आधी जाऊन या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री नको. जिने चढून आलात तर पाच मिनिटं टेका. खुर्चीला पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचा घ्यायचा. ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे कायम.

काहींचा दाब डॉक्टरांना बघूनच वाढतो आणि घरी नीट असतो. काहींचं उलट असतं, दवाखान्यात बरोबर आणि घरच्या रगाड्यात जास्त. हे दुसरं जास्त फसवं. अशा वेळी घरचं यंत्र कामाला येतं. दंडाला लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सलग सात दिवस सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी मोजून लिहून काढा. वही सापडत नसेल तर ‘कालनिर्णय’ आहेच, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना ते पान घेऊन जा. मात्र तासातासाला मोजत बसू नका. आमच्या एक काकू रात्री दोन वाजता उठून मोजायच्या आणि आकडा बघून त्यांची उरलेली झोप उडायची.

बाईच्या आयुष्यात काही वळणं अशी आहेत की तिथे मोजणं चुकवून चालत नाही. गरोदरपणात दर तपासणीला दाब मोजलाच पाहिजे. पाचव्या महिन्यानंतर तो १४०/९० वर गेला, जोरात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंड-हात सुजले किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखलं, तर ‘होतं असं दिवस गेल्यावर’ म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही हे होऊ शकतं आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. जिला गरोदरपणात हा त्रास झाला, तिला पुढेही उच्च रक्तदाबाचा धोका जास्त. तिनं दरवर्षी मोजावं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी मोजावं. पाळी गेल्यानंतर तर आवर्जून. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी औषधं गरोदरपणात चालत नाहीत, ती बदलून द्यावी लागतात.

काही गोष्टी आपण स्वतःच घरात आणतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणून रोज घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी दाब वाढतो, मूत्रपिंडालाही त्रास होतो. घशासाठी ज्येष्ठमध चघळायची सवय पुष्कळांना असते. एखाद्या दिवशी ठीक, पण महिनोन्‌महिने भरपूर घेतलं तर त्यानंही रक्तदाब वाढतो. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे इथे लागू पडत नाही.

मिठाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, सुकं बोंबील, फरसाण, पाव, बिस्किटं सगळं आलं. सैंधवही मीठच आहे, बरं का! उपासाचं म्हणून त्याला सूट नाही.

गोळी सुरू झाली की ‘सवय लागेल’ ही भीती. चष्म्याची सवय लागते म्हणून आपण डोळे मिचकावत बसतो का? आकडा ताळ्यावर आला तो गोळीमुळे. म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, शेजारणीची चांगली म्हणून तीही घ्यायची नाही. एखाद्या गोळीनं पाय सुजतात, एखादीनं कोरडा खोकला येतो. पुष्कळ जणी कुणाला न सांगता ती तिथेच सोडून देतात. डॉक्टरांना सांगितलं तर दुसरी मिळते, पर्याय पुष्कळ आहेत. निदान झाल्यावर लघवी, साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढ्या तपासण्या एकदा करून घ्या. वय चाळिशीच्या आत असेल तर मूत्रपिंड, थायरॉइड असं काही मूळ कारण आहे का, हे डॉक्टरांना विचाराच.

खर्चाचं म्हणाल, तर तिशी ओलांडलेल्या कुणाचाही रक्तदाब सरकारी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मोजतात, गोळ्याही तिथून मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र होता. गरोदर बायकांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. आशाताई दारावर आल्या की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दार लावून घेऊ नका, त्यांना बसायला सांगा.

आकडा १८०/१२० च्या वर दिसला आणि तुम्हाला काहीच होत नसेल, तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरातली कुणाची तरी गोळी जिभेखाली ठेवून दाब झटकन उतरवायचा प्रयत्न करू नका, एकदम उतरल्यानंही मेंदूला धोका असतो. पण छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा दिसेनासं झालं तर पुन्हा मोजायला थांबायचंच नाही. १०८ लावा आणि हे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. मेंदूत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर ही वेळच आधी विचारतात.