आयर्लंडमधील दुकानांत दारूची मांडणी

आयर्लंडमध्ये दूध-पाव मिळतो त्याच दुकानात बिअर आणि वाइनही मिळते. किराणा घ्यायला आलेल्याच्या, त्याच्यासोबतच्या मुलांच्याही, नजरेला बाटल्या सहज पडू नयेत म्हणून 2018च्या सार्वजनिक आरोग्य (मद्य) कायद्याने मांडणीचे नियम घातले. ते 12 नोव्हेंबर 2020पासून लागू झाले.

दुकानदारापुढे पर्याय आहेत. दारूसाठी किमान 1.2 मीटर उंच आडोसा घालून वेगळा कोपरा करायचा. मात्र इतर माल घेण्यासाठी गिऱ्हाइकाला त्यातून जावे लागता कामा नये. नाहीतर बंदिस्त कपाटे ठेवायची, ज्यांतला माल दीड मीटर उंचीपर्यंत दिसत नाही. छोट्या दुकानांना सोयीचा पर्याय म्हणजे जास्तीत जास्त तीन, एकमेकांना लागून असलेली कपाटे. प्रत्येकाची रुंदी 1 मीटर आणि उंची 2.2 मीटरपर्यंतच. हे मोजमाप पट्टी घेऊन तपासता येते, हीच या नियमाची खरी ताकद. केवळ दारू विकणाऱ्या दुकानांना मात्र ही विभागणी लागू नाही.

जानेवारी 2021पासून दारूखरेदीवर लॉयल्टी पॉइंट देणे आणि तीन किंवा त्याहून कमी दिवसांची सवलत जाहीर करणे यांवरही बंदी आली.