जंबुपार दिवा आणि ‘शेवाळ’ हा शब्द

पुण्यातील एका परिचितांनी अंगणातील हौदात जपानी कोई मासे पाळले आहेत. उन्हाळ्यात हौदाचे पाणी हिरवेगार होऊन मासे दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी पाण्याच्या वाटेवर जंबुपार किरणांचा दिवा बसविला. थोड्याच दिवसांत पाणी निवळले. परंतु महिनाभराने, ‘दिवा कुचकामी आहे, शेवाळ वाढतेच आहे’ अशी त्यांची तक्रार ऐकावयास मिळाली. प्रत्यक्ष पाहता पाणी आरशासारखे होते; शेवाळ होते ते भिंतींवर व दगडांवर. या तक्रारीचे मूळ यंत्रात नसून शब्दात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संस्कृत ‘शैवाल’ या शब्दापासून आलेला ‘शेवाळ’ हा शब्द सामान्यतः घाटाच्या पायरीवरील निसरड्या थरास अथवा पाण्यातील हिरव्या तंतूंस लावला जातो. हौदाचे पाणी हिरवे होते तेव्हा मात्र आपण ‘पाणी हिरवे झाले’ एवढेच म्हणतो. वस्तुतः तो रंग पाण्यात मोकळेपणी तरंगणाऱ्या असंख्य एकपेशीय शैवलांचा असतो. शास्त्रज्ञ या दोहोंस ‘शैवले’ म्हणतात, आणि विक्रेता ‘शेवाळ नष्ट करणारा दिवा’ असे सांगतो. तो पहिल्या अर्थाने बोलत नाही आणि घेणारा दुसऱ्या अर्थाने ऐकत नाही.

‘कोई’ या जपानी शब्दाचा अर्थ केवळ कार्प जातीचा मासा. रंगीत प्रकारांस ‘निशिकिगोई’ म्हणतात. ‘निशिकी’ म्हणजे किनखाबासारखे रंगीबेरंगी भरजरी वस्त्र. एकोणिसाव्या शतकात नीगाता प्रांतातील शेतकऱ्यांनी हे प्रकार जोपासले. आपल्याकडील मच्छीमार ज्यास ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्याचेच हे जवळचे आप्त होत. ओकायामा येथील, 1700 साली पूर्ण झालेल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभारले गेले, आणि जपानी उद्यानातील तळ्याचे सौंदर्य पुणेकरांच्या परिचयाचे झाले. हे मासे वरून पाहावयाचे असतात. म्हणून पाणी नितळ हवे. परंतु त्यांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारी नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये शैवलांस खतासारखी उपयोगी पडतात. त्यात एप्रिलचे ऊन मिळाले की पाणी हिरवे होण्यास वेळ लागत नाही.

‘जंबुपार’ म्हणजे वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील. हे अदृश्य किरण रिटर या जर्मन शास्त्रज्ञास 1801 मध्ये आढळले. सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ खुंटते, हे डाउन्स व ब्लंट यांनी 1877 मध्ये दाखविले. आणि 1910 मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी या किरणांचा उपयोग करण्यात आला. हौदाच्या दिव्यात कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते. तीतून मुख्यतः 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण बाहेर पडतात. साधी काच त्यांस अडविते, म्हणून दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते व तिच्या बाहेरून पाणी वाहते. पेशीतील डीएनए हे किरण शोषून घेतो, त्यातील शेजारशेजारचे थायमिन घटक परस्परांस चिकटतात, आणि पेशीचे विभाजन थांबते. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले असता गाळाचे कण जसे एकत्र येतात, तशा या मृत पेशींच्या गुठळ्या बनतात व त्या गाळणीत अडकतात. यावरून दिव्यास ‘फिल्टर’ म्हणणेही चुकीचे ठरते. दिवा काहीच गाळीत नाही. गाळणी त्याच्या जोडीला वेगळी लागते.

जे नळीजवळून वाहते त्यावरच किरणांचा परिणाम होतो, ही यातील मुख्य गोष्ट. भिंतीवरील शेवाळ नळीपर्यंत येतच नाही. उलट पाणी निवळल्यावर तळापर्यंत ऊन पोहोचते, खतद्रव्ये शिल्लक असतातच, आणि तंतुमय शेवाळ अधिकच फोफावते. त्याच कारणाने गाळणीतील माध्यमास चिकटून राहणारे, अमोनियाचे नायट्रेट करणारे उपकारक जिवाणूही सुरक्षित राहतात. मात्र नव्या हौदात ते गाळणीत स्थिरावेपर्यंत काही आठवडे दिवा बंद ठेवणे इष्ट.

पाणी फार वेगाने वाहिले तर किरणांची मात्रा अपुरी पडते. जड पाण्यातील क्षारांचे पुट नळीवर चढले तरी तोच परिणाम होतो. म्हणून नळी वेळोवेळी पुसावी. दिव्याची निळसर प्रभा हा दृश्य प्रकाश होय. ती दिसत असली, तरी अदृश्य किरणांचा जोर सुमारे 8,000 ते 9,000 तासांत, म्हणजे अखंड वापराच्या सुमारे एका वर्षात, पुष्कळ घटतो व दिवा बदलावा लागतो. उघड्या दिव्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांस व त्वचेस इजा होते. तसेच अतिशय हिरव्या पाण्यातील शैवले एकाच वेळी मेल्यास ती कुजताना प्राणवायू खर्च होतो. अशा वेळी पाण्यात हवा सोडण्याची व्यवस्था नसेल, तर मासे गुदमरतात.

भिंतीवरील शेवाळावर उपाय जुनेच आहेत: हाताने खरवडणे, खाद्य कमी करणे, सावली करणे, पाणवनस्पती लावणे, काही पाणी बदलणे. मोरचुदाने शेवाळ मरते, पण माशांच्या जिवासही धोका असतो.

तात्पर्य, ‘हिरवे पाणी’ व ‘शेवाळ’ हे भेद बोलताना पाळावेत आणि यंत्रास ‘जंबुपार दिवा’ असेच म्हणावे. पारिभाषिक शब्दांची चिकित्सा पुष्कळांस केवळ पंडिती हौस वाटते. परंतु येथे शब्द सैल पडल्याने एका गृहस्थाचे पैसे वाया गेल्यासारखे झाले. आणि चिडून त्यांनी हौदात मोरचूद टाकला असता, तर त्याची किंमत माशांनी मोजली असती. सुदैवाने त्यांनी खाद्य निम्म्यावर आणले व दगड घासून घेतले. दिवा चालूच आहे.